बटाट्याला रताळ्याचं नाव

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी मंडईत बटाटे आणि रताळी शेजारीशेजारी रचलेली असतात. दोन्ही मूळची अमेरिकेतली, दोन्ही उपवासाला चालणारी. त्यांची नावं मात्र वाटेत अदलाबदल होऊन आपल्यापर्यंत आली आहेत.

कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक ‘बटाटा’ म्हणत ते रताळ्याला. १४९२ नंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज खलाशांनी तो शब्द उचलला. आपला बटाटा पिकत होता तिकडे लांब, अँडीजच्या डोंगरात, आणि केचुआ भाषेत त्याला ‘पापा’ म्हणत. तो युरोपात पोचला रताळ्याच्या मागून. जमिनीतून उपटायचा, उकडून खायचा, म्हणून लोकांनी त्यालाही रताळ्याचंच नाव दिलं. पोर्तुगिजांकडून ते कोकणीत ‘बटाटो’ आणि मराठीत ‘बटाटा’ झालं. जुना अर्थ श्रीलंकेत अजून जिवंत आहे. सिंहलीत ‘बतल’ म्हणजे रताळंच. बटाट्याचा शब्द त्यांनी नंतर आलेल्या डचांकडून घेतला, ‘अर्तापल्’. डचांचा मूळ शब्द ‘आर्दआपल’, म्हणजे जमिनीतलं सफरचंद. फ्रेंच आणि फारसी नावांचाही अर्थ हाच. वनस्पतिशास्त्रात तर रताळं आजही ‘आयपोमिया बटाटास’ आहे.

मग आपलं ‘रताळं’ कुठून आलं? संस्कृत ‘रक्तालु’ म्हणजे तांबडा आलु. अमेरिकेची ही पिकं येण्याच्या कितीतरी आधीपासून ‘आलु’ म्हणजे खाण्याजोगा कंद. उत्तरेत तो शब्द बटाट्याकडे गेला, आपल्याकडे रताळ्यात राहिला. (जर्दाळूतला ‘आळू’ वेगळा. फारसीत ‘आलू’ म्हणजे आलुबुखाऱ्याच्या जातीचं फळ आणि ‘जर्द’ म्हणजे पिवळं.)

खरं तर दोघांचं कूळही एक नाही. बटाटा वांग्याचा भाऊबंद, रताळं गारवेलीचं. बटाटा हे जमिनीत फुगलेलं खोड, म्हणून त्याला डोळे असतात आणि डोळ्यासकट फोड लावली की कोंब फुटतो. रताळं हे फुगलेलं मूळ. शेतकरी त्याच्या वेलाचे तुकडे लावतो. आपण मात्र दोघांना मिळून ‘कंदमुळं’ म्हणतो, आणि मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात बटाट्याचा कंदही आहे आणि रताळ्याचं मूळही.