शाळा सुटते बाराला, ऑफिस सुटतं सहाला

सकाळी बालवाडी, दुपारी पाळणाघर, संध्याकाळी आजी, आणि आजी गावाला गेली तर शेजारच्या काकू. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या एका दिवसाला एवढी ठिगळं लागतात, कारण बालवाडी आणि पाळणाघर या मुळात दोन वेगळ्या घरच्या मुली.

पाळणाघर निघालं ते आईच्या कामाच्या वेळेसाठी. १८४४ मध्ये फिरमँ मार्बो यांनी पॅरिसमध्ये गरीब कामकरी बायकांच्या तान्ह्या मुलांसाठी 'क्रेश' उघडलं. पाजायला आईने मधे येऊन जायचं, आणि आजारी मूल घ्यायचं नाही. (ताप आलेल्या पोराला "आज घरीच ठेवा" हे तेव्हापासून चालत आलंय.)

बालवाडी आली मुलाच्या शिक्षणासाठी. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गला खेळातून शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन' हे नाव मिळालं. पुढे अशा वर्गांचे तास बेतले गेले ते मुलाच्या दमाने. उरलेल्या दिवसाचं काय, हा प्रश्न घराचा, म्हणजे आईचा.

गंमत म्हणजे इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींचं पहिलं 'बालगृह' सुरू झालं ते राखणीच्या गरजेतून. १९०७, रोममधली सान लोरेन्झो ही कामगारवस्ती. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं जिन्यांत हुंदडायची, भिंती खराब करायची. इमारती सांभाळणाऱ्या मंडळींना कुणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं. आज त्या नावाची पाटी पाहून प्रवेशासाठी रांग लावणाऱ्यांना हे सांगून पाहावं!

शिफ्ट आणि शिक्षण यांची गाठ नीट पडली ती युद्धात. १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडच्या कायझर जहाजबांधणी कारखान्यांच्या दाराशीच दोन बालकेंद्रं उभी राहिली. दीड ते सहा वर्षांची मुलं, प्रशिक्षित शिक्षिका, आणि रात्रपाळीलाही दार उघडं. शिफ्ट संपवून मुलाला न्यायला आलेल्या आईला शिजवलेलं जेवणही विकत घेऊन जाता येई, म्हणजे घरी पोचल्यावर चूल पेटवायला नको.

१९४५ मध्ये युद्ध संपलं, जहाजांची गरज सरली, केंद्रं बंद झाली. १९७१ मध्ये देशभर अशी सोय उभारू पाहणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलं. ते कुटुंबव्यवस्थेला मारक ठरेल, असं म्हणत अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला.