कासव ढुशी का मारतं?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. कासव जसं आपले अवयव आत ओढून घेतं, तशी त्याने इंद्रियं विषयांपासून आवरून घेतलेली असतात. आपल्याकडे कितीतरी देवळांच्या सभामंडपात फरशीवर दगडी कासव असतं, त्याचाही हाच अर्थ सांगितला जातो. त्यामुळे कासव म्हणजे शांत, सोशिक, कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला प्राणी, अशी आपली पक्की समजूत असते. आणि मग मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो. परदेशातल्या कुणाच्या तरी परसात एक भलंमोठं कासव मालकाच्या बुटांना धडाधड ढुशा देत असतं. पाहणाऱ्यांपैकी कुणी म्हणतं खेळतंय, कुणी म्हणतं चिडलंय, कुणी म्हणतं आपल्या जागेची राखण करतंय. यातलं एकही उत्तर पुरेसं नाही.

असा व्हिडिओ पुन्हा पाहिलात, तर ढुशीच्या आधीचा क्षण नीट बघा. कासव चारी पायांवर अंग उचलतं, डोकं आत ओढून घेतं आणि मगच पुढे झेपावतं. इथे डोकं आत घेणं हा संयम नाही, ती हल्ल्याची तयारी आहे. आदळायचं आहे ते कवच. डोकं वाचलं पाहिजे.

ढुशी मारणारे बहुतेक नर असतात. पोटाकडच्या कवचाचा गळ्याखालचा भाग काही जातींच्या नरांमध्ये पुढे आलेला असतो, त्याला ‘गुलर’ म्हणतात. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला राहणाऱ्या सुलकाटा कासवात तो जाडजूड आणि दुभागलेला असतो. मादागास्करच्या वायव्य किनाऱ्यालगत बाली उपसागराच्या परिसरातच उरलेल्या अंगोनोका कासवात तर तो इतका लांब आणि वर वळलेला असतो की खातानाही अडचण व्हावी. एवढं अवजड हत्यार अंगावर वागवायचं, तर त्याचा उपयोगही तसाच हवा. तो उपयोग धडकेत नाही, उचलण्यात आहे. हे गणित मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

प्रतिस्पर्धी ५० किलोंचा आहे असं धरू. सुलकाटाचा नर याच्याही पुढे जाऊ शकतो. हल्ला करणाराही तेवढाच वजनदार आणि त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे कासवासाठी चांगलाच. गतिज ऊर्जा निघते सव्वासहा ज्यूल. आता प्रतिस्पर्ध्याला उताणं पाडायला किती ऊर्जा लागेल? त्याची रुंदी ५० सेंटीमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर धरला, तर एका कडेवर कलंडताना तो गुरुत्वमध्य सुमारे १४ सेंटीमीटर वर चढवावा लागतो. त्याला लागतात जवळजवळ ७० ज्यूल. म्हणजे धडकेची सगळीच्या सगळी ऊर्जा कामी आली, तरी ती गरजेच्या दहाव्या हिश्श्यालाही पुरत नाही. नुसत्या टकरीने कासव कधीच उलटणार नाही.

मग ते उलटतं कसं? गुलर प्रतिस्पर्ध्याच्या कवचाच्या कडेखाली शिरतं आणि नर ढकलत राहतो, ढकलत राहतो. जड कपाट एका बाजूने उचलताना आपल्याला पूर्ण वजन पेलावं लागत नाही, निम्मंच पेलावं लागतं. बाकीचं दुसऱ्या बाजूचे पाय सांभाळतात. इथेही तसंच. कड उचलायला सुरुवातीला २५ किलोंचा जोर हवा, आणि कासव कलत जाईल तसा तोही कमी कमी होत जातो. खरी गंमत घर्षणात आहे. प्रतिस्पर्ध्याचं निम्मं वजन आता हल्लेखोराच्या अंगावर आलेलं आहे. त्याचे पाय जमिनीवर ७५ किलोंनी दाबले जातात, समोरच्याचे फक्त २५ किलोंनी. पायांची पकड वजनाच्या प्रमाणात असते. म्हणजे ज्याने आधी कड उचलली, त्याची पकड दीडपट झाली आणि समोरच्याची निम्म्यावर आली. एकदा कड उचलली गेली की सामना जवळपास तिथेच संपतो.

उताणं पडलेल्याचं पुढे काय होतं, हे कवचाच्या आकारावर ठरतं. १९९५ साली रशियन गणिती व्लादिमीर आर्नोल्ड यांनी एक अंदाज मांडला होता: सर्वत्र सारख्या घनतेचा, कुठेही खळगा नसलेला असा आकार असू शकेल, ज्याला स्थिर बसायची एकच जागा आहे आणि अस्थिर तोलाचीही (जिथून जरा हललं तरी कलंडावं अशी) एकच. हंगेरीच्या गाबोर दोमोकोश आणि पेटर वारकोनी यांनी २००६ मध्ये तो आकार खरोखर शोधला. त्याचं नाव गोम्बोत्स. तो कसाही ठेवला तरी स्वतःहून एकाच बाजूवर येऊन थांबतो. पुढे या दोघांनी कासवांच्या कवचांची मापं घेतली. उंच घुमटाच्या कासवांची कवचं या आकाराच्या खूप जवळ जातात असं दिसलं, आणि त्यात आपलं भारतीय स्टार कासव ठळक आहे. अशा कासवाला पाय आणि मान थोडी हलवली तरी सरळ होता येतं. चपट्या कवचाच्या कासवाला पाठीवरही स्थिर जागा मिळते आणि तिथून निघायला लांब मानेने जमिनीला रेटा द्यावा लागतो.

कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. उताण्या कासवाची आतडी, यकृत, सगळं त्यांच्यावर येतं. वर ऊन असेल तर काही वेळातच प्राणावर बेतू शकतं.

आता ‘जागेची राखण’ या समजुतीकडे वळू. बहुतेक जमिनीवरच्या कासवांचे फिरण्याचे टापू एकमेकांत मिसळलेले असतात. अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात एकाच बिळात अनेक कासवं राहिल्याचं दिसतं. भांडण जमिनीच्या तुकड्यासाठी नसतं, वरचढ कोण यासाठी असतं. गालापागोसची महाकाय कासवं तर बऱ्याचदा अंगाला अंग न लावताच हे ठरवतात: दोघं समोरासमोर माना उंचावतात आणि ज्याची मान खाली राहिली तो बाजूला होतो. ढुशी ही त्याच प्रश्नाची पुढची पायरी, आणि तिचा शेवट हरलेला निघून जातो तेव्हा होतो. मोकळ्या रानात तो निघून जाऊ शकतो. कुंपणात कुठे जाणार? तो कोपऱ्यात जातो, जेता पुन्हा त्याला पाहतो आणि तीच लढत पहिल्यापासून सुरू होते.

निसर्गातही असं कुंपण कधीकधी असतं. उत्तर मॅसेडोनियात प्रेस्पा तलावात गोलेम ग्राद नावाचं छोटं, उभ्या कड्यांचं बेट आहे. तिथे हर्मन कासवांची दाट वस्ती आहे आणि मादीच्या मानाने नर कितीतरी पटींनी जास्त आहेत. नरांच्या सततच्या पाठलागाने तिथल्या माद्या जखमी होतात, कड्यांवरून खालीही पडतात. जात तीच, स्वभावही तोच. फक्त पळून जायला जागा नाही.

मादीलाही नर ढुशा देतो, कारण प्रणयाचा तो भागच आहे. इटलीत पाव्हिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘मार्जिनेटेड’ या जातीच्या कासवांचा अभ्यास केला, त्यात प्रणयातल्या खटपटीचा जोर आणि मीलनातलं यश यांचा संबंध आढळला. कवच म्हणजे निर्जीव ढाल नाही. ते बरगड्या आणि मणक्यांशी एकजीव झालेलं हाड आहे, त्याला रक्तपुरवठा आहे, मज्जातंतू आहेत. प्रत्येक ढुशी मादीला जाणवते. विणीच्या काळात चवताळलेला नर पायाजवळ हलणाऱ्या, कवचाएवढ्या बुटावरही तेच प्रयोग करतो.

आपल्याकडे कासव पाळण्यामागे बऱ्याचदा वेगळंच कारण असतं: घरात लक्ष्मी टिकते म्हणे. या एका खुळापायी स्टार कासवं रानातून पोत्यात भरून नेली जातात. कासवाने कुणाच्या घरी पैसा आणलेला नाही; पैसा मिळतो तो तस्करांना. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार स्टार कासव पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक बंदी आहे. ज्यांच्या घरी ते आहे त्यांनी वनविभागाला कळवावं.

परदेशात कायदेशीरपणे कासव पाळणारे मराठी लोक मात्र आहेत आणि ‘एकटं कंटाळेल’ म्हणून दुसरं आणायचा मोह त्यांना होतो. कृपा करून आणू नका. कासवाला सोबत लागत नाही. दुसरं कासव त्याच्यासाठी मित्र नसून रोजचा मुकाबला ठरतं, मग ढुशी दिसो वा न दिसो. एक कासव कायम दुसऱ्याच्या मागे चालतं, त्याच्या खाण्यावर जाऊन बसतं, उन्हाची जागा अडवतं. लोकांना ही माया वाटते, पण हा दबाव असतो. दबलेलं कासव खाणं कमी करतं आणि लपून राहू लागतं. दोन नर असतील तर त्यांना वेगळंच ठेवायला हवं. मधलं कुंपण जाळीचं नको, भरीव हवं, कासवाच्या नजरेच्या वर जाईल एवढं उंच. जाळीतून समोरचा दिसत राहिला, तर नर दिवसभर तिलाच धडका देत बसतो.