दोर घेण्याआधी काम सांगा: बलूनचे की ओढण्याचे?

"बारा एमएमचा दोर द्या," असे फोनवर सांगणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी विचारतो, बांधायचे काय आणि ओढायचे काय? जाडी त्यानंतर ठरते.

चिखलात रुतलेला लष्करी ट्रक दुसऱ्या गाडीने हिसका देऊन काढायचा असेल, तर विणीचा नायलॉन दोर घ्या. भाराखाली तो ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि आखडताना रुतलेली गाडी खेचून घेतो. हुकांना बसणारा धक्काही त्याने सौम्य होतो. पण ताणलेला हाच दोर तुटला किंवा हुक उखडला, तर टोकाचे लोखंड गोळीसारखे सुटते. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. म्हणून ओढ चालू असताना दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये, दोर ओलांडू नये. नायलॉन भिजला की ताकद १० ते १५ टक्के घटते. पावसाळ्यासाठी तेवढा जाड घ्या.

विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रावर, नायलॉन नको. तिथे एचएमपीई (खास मजबूत पॉलिथिनच्या धाग्यांचा) दोर चांगला: फारसा लांबत नाही, पाण्यावर तरंगतो, वजनाला हलका. हिसका मात्र त्याला देऊ नका, आणि उष्णतेपासून जपा. सुमारे १५० अंशांना तो वितळतो, कमजोर त्याच्या बराच आधी होतो.

गरम हवेच्या बलूनमध्ये वरच्या भागातली हवा उकळत्या पाण्याइतकी तापते. तिथल्या झडपेच्या दोरीसाठी न वितळणारे केव्हलार (एक मजबूत कृत्रिम धागा) वापरतात. पण त्याला ऊन आणि गाठ सोसत नाही. बलूनच्या आतली दोरी आम्ही विकत नाही. ती बलून बनवणाऱ्याच्या पुस्तिकेप्रमाणेच बदलावी, जाडी जुळते म्हणून दुसरी बसवू नये.

जमिनीवरून बलून धरण्याचे दोर आमच्याकडे मिळतात. १७९४ साली फ्लरसच्या लढाईत फ्रेंच सैनिकांनी टेहळणीचा बलून असाच दोरांनी धरून ठेवला होता. धरणाऱ्याने दोर हाताला गुंडाळू नये. पाय जमिनीवरून सुटताहेत असे वाटताच दोर सोडावा. वाऱ्याचा एक झोत भार कित्येक पटींनी वाढवतो.

टोकाला गाठ मारली, तर दोराची निम्मी ताकद जाऊ शकते. दोराचे पेड उलट गुंफून केलेल्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या कायम कडीत, ती बरीचशी टिकते. हे काम आम्ही करून देतो.

जुना दोर सोबत आणा. वीण सैल करून आत वाळू शिरली आहे का, ते तुमच्यासमोर पाहू. वाळूचे कण धागे आतून कापत जातात आणि वरून दोर नवाच दिसतो.