मोटर होतीच, अडलं होतं बॅटरीपाशी

सोलापुरात मोटर ही अप्रूपाची वस्तू नाही. चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांमुळे इथे जळालेली मोटर उघडून, तांब्याची तार नव्याने भरून, वार्निश मारून परत देणारी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. म्हणूनच वडिलांची 1998 ची मारुती 800 विजेवर करायची ठरवली, तेव्हा गल्लीतल्या वाइंडिंगवाल्या अण्णांनी मोटरबद्दल काही विचारलंच नाही. "बॅटरी किती किलोची बसणार?" एवढंच त्यांनी विचारलं. विजेच्या गाडीचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे.

पुन्हा पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 साली केली. 1881 मध्ये गुस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवली. 1899 मध्ये बेल्जियमच्या कामिय जेनात्झी यांनी विजेच्याच गाडीत ताशी 100 किलोमीटरचा वेग ओलांडला. तोवर जगातल्या कुठल्याही मोटारगाडीला तो जमला नव्हता. पेट्रोलची गाडी तेव्हा हँडल मारून सुरू करावी लागे, धूर आणि खडखडाट वेगळाच. 1912 मध्ये कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर आला, हँडल गेलं आणि पेट्रोलची शेवटची मोठी अडचण संपली. गंमत म्हणजे ती संपवली एका छोट्या विजेच्या मोटरनेच.

विजेची गाडी मागे पडली, पण यात हरली ती बॅटरी, मोटर नव्हे. हिशोब अण्णांनी पाटीवर मांडला तसाच मांडतो. 800 सारख्या हलक्या गाडीला किलोमीटरमागे साधारण 100 वॅट-तास लागतात. 100 किलोमीटर जायचं तर 10 युनिट वीज सोबत हवी (एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास). शिशाची बॅटरी किलोमागे 30 ते 40 वॅट-तास देते, म्हणजे जवळजवळ 300 किलो. मूळ गाडीच साडेसहाशे किलोच्या आसपास! चार-पाच माणसं कायमची बसवून ठेवल्यासारखं झालं. त्यात शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उतरवली तर ती फार दिवस टिकतही नाही.

1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत हौशी लोकांनी जुन्या छोट्या गाड्यांचं इंजिन उतरवून फोर्कलिफ्टची मोटर आणि शिशाच्या बॅटऱ्या बसवल्या. घरच्या घरी गाडी बदलण्याची रीत तिथे रुळली. त्या गाड्या बाजारहाटापुरत्या चालत. आपल्याकडे 2001 मध्ये बंगळुरूची रेवा आली, तीही शिशावरच. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली होती, पण ती कॅमेऱ्यातून आणि मोबाइलमधून गाडीपर्यंत, आणि परवडेल अशी यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. आज लिथियम-लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये तेच 10 युनिट शंभर किलोच्या आसपास मावतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात मी हाच प्रकार निवडेन, कारण लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा तो उष्णता जास्त सोसतो. तरी मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडखाली चार्जिंग नको, रात्रीच करावं.

मारुती 800 ही या कामाला मुद्दाम केल्यासारखी गाडी. डिसेंबर 1983 पासून जानेवारी 2014 पर्यंत ती बनली, त्यामुळे तिचे भाग आणि तिची नस ओळखणारे मिस्त्री दोन्ही मिळतात. 796 सीसीचं इंजिन निघालं की गिअरबॉक्स तसाच राहतो. आम्ही त्याच्या तोंडावर गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या सांध्यात घालतात तो जाड कागद धरला, कडेने हलक्या हातोडीने ठोकलं आणि बोल्टच्या भोकांसह सगळा नकाशा कागदावर उमटला. त्यावरून लेथवाल्याने अ‍ॅल्युमिनियमची प्लेट कापली. जुन्या क्लच प्लेटचा मधला दातेरी गाभा कापून मोटरच्या कपलरला, म्हणजे दोन दांडे जोडणाऱ्या तुकड्याला, जोडला. इथे केसभर जरी मध्य चुकला, तरी बेअरिंग बोलायला लागतं. मागाच्या मोटरवर हात बसलेल्या अण्णांनी डायल गेज (केसभर फरकही काट्यावर दाखवणारं मापयंत्र) लावून तीनदा फिरवून पाहिलं, मगच बोल्ट आवळले.

कागदपत्रांचा इतिहास मात्र वेगळा आहे. एलपीजी किटचे दिवस आठवत असतील. 2000 साली मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये दुरुस्ती झाली आणि गॅस, सीएनजी यांच्यासोबत बॅटरीचाही उल्लेख त्यात आला. असा बदल मान्य, पण ठरलेल्या अटींवर आणि किट बसवूनच. विजेच्या किटसाठी पुढे एआयएस-123 हे मानक आलं. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर केलेलं किट, अधिकृत माणसाकडून फिटिंग, मग आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद बदलणं, असा तो रस्ता आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ बांधणीत मनाला येईल तसा बदल चालणार नाही, हे स्पष्ट केलं.

म्हणजे अंगणात जुळवलेली आमची 800 रस्त्यावर उतरू शकत नाही. विम्याचाही प्रश्न तिथेच अडतो. सध्या ती आवाराच्या फाटकापर्यंत जाते आणि परत येते. मंजूर किट बसवायचं ठरलं तर आमची प्लेट आणि कपलर दोन्ही उतरवावे लागतील. अण्णांनी तो गॅस्केटचा कागद घडी न घालता, गुंडाळी करून दुकानातल्या फळीवर ठेवला आहे.