मॉड अ‍ॅडम्स : रंगभूमीवरील कारकीर्द

अ‍ॅडम्स, मॉड (११ नोव्हेंबर १८७२ – १७ जुलै १९५३). अमेरिकन अभिनेत्री. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर त्यांच्याइतकी लोकप्रियता आणि कमाई फार थोड्यांच्या वाट्याला आली. स्कॉटिश नाटककार जे. एम. बॅरी यांच्या नाटकांच्या नायिका आणि बॅरी यांच्याच नाटकातला कधीच मोठा न होणारा मुलगा पीटर पॅन अमेरिकेत प्रथम रंगवणारी नटी ही त्यांची रूढ ओळख. रंगमंचावरील प्रकाशयोजनेत त्यांनी केलेले काम मात्र बहुतेक चरित्रांत शेवटच्या दोन-चार ओळींत उरकलेले आढळते. ते त्यांच्या अभिनयापासून वेगळे काढता येत नाही. त्यांच्या मोठ्या भूमिका पाहिल्या तरी हे लक्षात येते.

जन्म यूटामधील सॉल्ट लेक सिटीचा. आई अ‍ॅनी अ‍ॅडम्स तेथील नाटकमंडळीत काम करीत असे. अंगावर पिण्याच्या वयातच मॉड आईबरोबर एका प्रहसनात रंगमंचावर आल्या. वडिलांचे आडनाव किस्काडन असले तरी रंगभूमीसाठी त्यांनी आईचेच आडनाव घेतले. १८७७ मध्ये, पाच वर्षांच्या असताना, सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी ‘फ्रिट्झ, अवर जर्मन कझिन’ या नाटकात लहान मुलाची भूमिका केली आणि ती गाजली. म्हणजे मुलाच्या वेशात रंगमंचावर वावरणे त्यांना पीटर पॅनच्या कितीतरी आधीपासून सवयीचे होते. १८८३ मध्ये वडील वारले. पुढे काही वर्षांनी मायलेकी न्यूयॉर्कला आल्या आणि १८८९ मध्ये चार्ल्स हॉइट यांच्या ‘अ मिडनाइट बेल’ने मॉड लोकांच्या नजरेत भरल्या. हॉइट यांनी पाच वर्षांचा करार पुढे केला, तो त्यांनी नाकारला आणि कमी पैशांत चार्ल्स फ्रोमन यांच्या मंडळीत जाणे पसंत केले.

त्यांच्या पुढच्या साऱ्या वाटचालीचे मूळ या निर्णयात आहे. फ्रोमन हे त्या काळातील सर्वांत बलाढ्य नाट्यनिर्माते होते. १८९३ मध्ये त्यांनी ब्रॉडवे आणि ४० व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एम्पायर थिएटर उघडले. १८९६ मध्ये त्यांच्यासह सहा व्यवस्थापकांनी एकत्र येऊन ‘थिएट्रिकल सिंडिकेट’ स्थापन केली. देशभरातील मोठ्या नाट्यगृहांच्या तारखा तिच्या मुठीत गेल्या. एखादे नाटक न्यूयॉर्कमध्ये चालले की तेच नट, तेच नेपथ्य घेऊन ते आगगाडीने गावोगाव फिरवायचे, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे अ‍ॅडम्स यांना ब्रॉडवेची अभिनेत्री म्हटले जात असले तरी त्यांना पाहिलेल्या प्रेक्षकांत न्यूयॉर्कबाहेरच्या शहरांतील माणसांचा भरणा मोठा होता. सिंडिकेटच्या मक्तेदारीने अनेक कलावंतांचा गळा आवळला, मिनी मॅडर्न फिस्क यांच्यासारख्या अभिनेत्रींनी तिच्याशी उघड झगडा केला. अ‍ॅडम्स यांना मात्र याच यंत्रणेने घराघरांत पोचवले. त्यांचे यश मोजताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य नाही.

१८९२ मध्ये जॉन ड्रू हा लोकप्रिय नट फ्रोमन यांच्याकडे आला आणि ‘द मास्क्ड बॉल’मध्ये अ‍ॅडम्स त्याच्यासमोर नायिका म्हणून उभ्या राहिल्या. दारू चढल्याचे सोंग करणाऱ्या पत्नीचा एक प्रवेश त्यात आहे. त्या काळी कुलीन नायिकेला असे दाखवणे जोखमीचे होते. किंचित तोल गेला तरी प्रवेश ओंगळ झाला असता. पहिल्याच रात्री या प्रवेशाला टाळ्यांचा कडकडाट झाला. ड्रूला पाहायला आलेले प्रेक्षक अ‍ॅडम्स यांचे नाव घेत घरी गेले. पुढची चार-पाच वर्षे त्या ड्रूच्या नायिका होत्या.

१८९६ मध्ये बॅरी न्यूयॉर्कला आले. ‘द लिटल मिनिस्टर’ या आपल्या कादंबरीचे नाटक करण्याबद्दल ते साशंक होते, कारण तिच्यातील बॅबी ही भटकी, खट्याळ, खरे तर उमरावाघरची मुलगी कोण उभी करणार हे त्यांना दिसत नव्हते. ‘रोझमेरी’ या नाटकात त्यांनी अ‍ॅडम्स यांना पाहिले आणि अडचण सुटली. २७ सप्टेंबर १८९७ रोजी नाटक रंगमंचावर आले, न्यूयॉर्कमध्ये त्याचे ३०० प्रयोग झाले आणि अ‍ॅडम्स स्वतःच्या नावावर नाटक चालवणाऱ्या तारका बनल्या. त्यानंतर ‘क्वालिटी स्ट्रीट’ (१९०१), ‘पीटर पॅन’ (१९०५), ‘व्हॉट एव्हरी वुमन नोज’ (१९०८), ‘अ किस फॉर सिंड्रेला’ (१९१६) अशी बॅरी यांची नाटके त्यांच्याकडे येत राहिली. ‘क्वालिटी स्ट्रीट’ तर लंडनच्या आधी अमेरिकेत झाले. बॅरी यांच्या नायिका वरवर भाबड्या आणि आतून पक्क्या असतात. ‘व्हॉट एव्हरी वुमन नोज’मधील मॅगी वायली नवऱ्याची राजकीय भाषणे गुपचूप सुधारते आणि श्रेय त्यालाच घेऊ देते. अशा स्त्रीचा शहाणपणा न मिरवता दाखवणे ही अ‍ॅडम्स यांची खरी ताकद होती.

थोर शोकात्म नायिका म्हणून त्यांना मान्यता मिळाली नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. १८९९ मध्ये विल्यम फॅव्हरशॅम यांच्या रोमिओसमोर त्यांनी ज्युलिएट केली. समीक्षकांना ती कोवळी वाटली, भव्य वाटली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नाटककार एदमाँ रॉस्ताँ यांचे ‘लेग्लाँ’ घेतले. नेपोलियनच्या तरुणपणीच मेलेल्या मुलाची ही भूमिका त्याच वर्षी पॅरिसमध्ये विख्यात फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नार यांनी गाजवली होती, आणि त्याच हंगामात बर्नार स्वतः न्यूयॉर्कमध्ये ती करून गेल्या. तुलना अटळ होती. तंत्रात बर्नार उजव्या ठरल्या, तरी लोकांनी अ‍ॅडम्स यांच्या प्रयोगांनाही गर्दी केली.

‘पीटर पॅन’चा पहिला प्रयोग २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये झाला. तेथे नीना बूसिको यांनी पीटर केला. तरुण नायकाचे काम तरुणीने करण्याची प्रथा पँटोमाइम या नाताळच्या सुमारास होणाऱ्या गाण्या-विनोदाच्या इंग्लिश नाट्यप्रकारात मुरलेली होती, म्हणून तेथील प्रेक्षकांना यात नवल वाटले नाही. फ्रोमन यांच्या मनात मात्र पीटर म्हणजे अ‍ॅडम्स हे पक्के होते. भूमिका बसवण्यासाठी त्या महिनाभर कॅटस्किल डोंगरातील घरी एकान्तात राहिल्या आणि पोशाखाची रेखाटनेही स्वतः करू लागल्या. त्या पोशाखाची रुंद, गोल टोकांची कॉलर पुढे जगभरच्या शिंप्यांच्या दुकानांत ‘पीटर पॅन कॉलर’ म्हणून स्थिरावली. शाळेच्या फ्रॉकवर ती शिवून घेणाऱ्यांना ब्रॉडवेची गंधवार्ताही नव्हती.

वॉशिंग्टनमधील पूर्वप्रयोगांना थंड प्रतिसाद मिळाला. ६ नोव्हेंबर १९०५ रोजी एम्पायरमध्ये पडदा वर गेला तेव्हा अ‍ॅडम्स तेहतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होत्या. न्यूयॉर्कमध्ये नाटक पुढच्या जूनपर्यंत चालले, मग देशभर फिरले, १९०६, १९१२ आणि १९१५ मध्ये पुन्हा आले. या भूमिकेचे त्यांनी केलेले प्रयोग दीड हजारांहून अधिक भरतात, असे मानले जाते. टिंकर बेल ही परी या नाटकात नट किंवा बाहुली नसते. ती असते केवळ रंगमंचावर भिरभिरणारा प्रकाशाचा ठिपका आणि घंटीचा आवाज. ती मरू लागते, ठिपका मंदावतो, आणि पीटर प्रेक्षकांना विनवतो, पऱ्या खऱ्या आहेत असे वाटत असेल तर टाळ्या वाजवा. या जागी सारा भार दोनच गोष्टींवर असतो, नटीचा आवाज आणि दिव्याची मात्रा. दिवा क्षणभर लवकर उजळला तर मुलांच्या टाळ्यांना अर्थ उरत नाही.

प्रकाशाविषयी अ‍ॅडम्स यांची चोखंदळ वृत्ती येथे उपयोगी पडली. त्यांच्या बालपणी नाट्यगृहे गॅसवर उजळत. त्या तारका झाल्या तोवर वीज आली होती, पण बराच उजेड अजून रंगमंचाच्या कडेच्या तळदिव्यांतून, म्हणजे खालून वर पडे. त्याने हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, डोळ्यांवर विचित्र सावल्या पडतात. अ‍ॅडम्स प्रेक्षागृहात बसून दिव्यांच्या स्वतंत्र तालमी घेत आणि त्यांत तासन् तास घालवत. दर्शनी कमानीच्या मागे उंचावर टांगलेला, माणसांना उभे राहून दिवे हलवता येतील असा प्रकाशपूल रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. बॅसेट जोन्स हे विद्युत अभियंते या कामी त्यांच्याबरोबर होते. नाटकाचे नाव ज्या नटीवर चाले, तिनेच तंत्रज्ञांबरोबर बसून दिव्यांचा रंग आणि कोन ठरवावा, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

१९०९ मध्ये त्यांनी एकाच रात्रीसाठी एक अचाट प्रयोग उभा केला. २२ जून रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या खुल्या स्टेडियममध्ये, तेथील जर्मॅनिक संग्रहालयाच्या मदतीसाठी, जर्मन नाटककार शिलर यांचे जोन ऑफ आर्क या फ्रेंच वीरांगनेवरील नाटक झाले. रंगभूमीवर हजाराहून अधिक माणसे होती, घोडे होते, आणि मांडणीची सूत्रे अ‍ॅडम्स यांच्याच हाती होती. आल्फॉन्स मूखा यांनी त्यासाठी काढलेले जोनच्या वेशातील त्यांचे मोठे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

२३ जानेवारी १९११ रोजी रॉस्ताँ यांचे ‘शाँतक्लेर’ आले. यातली सगळी पात्रे पशुपक्षी. नायक कोंबडा, आणि आपण आरवतो म्हणूनच सूर्य उगवतो अशी त्याची श्रद्धा. एकदा तो आरवायचे विसरतो आणि तरीही उजाडते. पॅरिसमध्ये हे काम ल्यूसिएन गित्री या भरदार पुरुषाने केले होते. लहानखुऱ्या बाईने कोंबडा करावा, हे अनेक समीक्षकांना रुचले नाही. त्यांचा आक्षेप अगदीच गैर म्हणता येत नाही, कारण कोंबड्याची ऐट हा विनोदाचा अर्धा भाग आहे. अ‍ॅडम्स यांना मात्र आपल्या सर्व भूमिकांत हीच सर्वांत प्रिय होती, पीटर पॅनपेक्षाही. पहाट होण्याचा तो प्रवेश शब्दांइतकाच दिव्यांनी खेळायचा असतो. ज्या कलावतीने उजेड कसा पाडायचा यावर वर्षे घालवली, तिला उजेड आपणच आणतो असे मानणाऱ्या जिवाचे मन कळले असणार.

लोकांपुढे न येणे हाही त्यांच्या लौकिकाचा भाग होता. फ्रोमन यांच्या मते नटी रंगमंचाबाहेर जितकी कमी दिसेल तितके तिकीट खिडकीवर बरे. त्यामुळे मुलाखती नाहीत, मेजवान्या नाहीत. मूळचा बुजरा स्वभाव असल्याने अ‍ॅडम्स यांना हा नियम जाचक वाटला नाही, उलट निर्माता गेल्यावरही त्यांनी तो पाळला. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ जहाज बुडवले, त्यात फ्रोमन गेले. पंचवीस वर्षे करार, नाटके, दौरे ठरवणारा माणूस नाहीसा झाला. ‘अ किस फॉर सिंड्रेला’ त्यांच्यामागे आले आणि चालले, पण १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अ‍ॅडम्स आजारी पडल्या आणि त्यांनी रंगभूमी सोडली.

निवृत्तीत त्या दिव्यांकडेच वळल्या. १९२१ पासून सुमारे दोन वर्षे त्या स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत सल्लागार म्हणून राहिल्या. रंगीत चित्रपटाला पुरेल एवढा प्रखर तापदीप्त (तापलेल्या तारेचा) दिवा तयार करण्यावर त्यांचे काम चालले होते. किपलिंग यांच्या ‘किम’वर रंगीत चित्रपट काढण्याचा त्यांचा मानस सिद्धीस गेला नाही. १९३१ मध्ये शेक्सपिअरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये ओटिस स्किनर यांच्या शायलॉकसमोर पोर्शिया करून त्या दौऱ्यावर निघाल्या, पण ते नाटक ब्रॉडवेला पोचले नाही. १९३७ मध्ये मिसुरीतील कोलंबिया येथील स्टीफन्स कॉलेजने त्यांना नाट्यविभाग सांभाळायला बोलावले आणि तेथे त्यांनी अनेक वर्षे शिकवले. न्यूयॉर्क राज्यातील टॅनर्सव्हिल येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी एम्पायर थिएटरही पाडण्यात आले.

अ‍ॅडम्स यांनी एकाही चित्रपटात काम केले नाही. १९३८ मध्ये निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांच्या ‘द यंग इन हार्ट’साठी त्यांची पडदाचाचणी झाली, भूमिका मिनी डुप्री यांना मिळाली. सुमारे बारा मिनिटांची ती चाचणी रॉचेस्टरच्या ईस्टमन संग्रहालयाने जतन केली आहे. त्यांच्या रंगमंचावरील कामाचा अभ्यास त्यामुळे छायाचित्रे, परीक्षणे आणि सहकाऱ्यांच्या आठवणी यांच्या आधारेच करावा लागतो.