स्थिरचित्रातील खासगी प्रतीके (सोलापूर)

समोर मांडलेल्या निर्जीव वस्तू पाहून काढलेले चित्र म्हणजे स्थिरचित्र. त्यातल्या एखाद्या वस्तूला चित्रकाराच्या स्वतःच्या आयुष्यातून अर्थ आला, की ती त्याचे खासगी प्रतीक होते. सतराव्या शतकातल्या डच चित्रांतली कवटी आणि वाळूचे घड्याळ ही सर्वांच्या ओळखीची प्रतीके होती. मरणाची आठवण देणे हे त्यांचे ठरलेले काम. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८८ मध्ये आपली साधी खुर्ची रंगवून तिच्यावर पाइप आणि तंबाखू ठेवली, तर चित्रकार मित्र गोगँच्या खुर्चीवर मेणबत्ती आणि पुस्तके. चेहरा न काढता दोन माणसे उभी राहिली.

महाराष्ट्रात या प्रकाराची पहिली ओळख बहुधा शासकीय रेखाकला परीक्षांत होते. तांब्या, दोन फळे, मागे कापड. गुण प्रमाणाला, छायाप्रकाशाला, पोताला. हा पाया पक्का हवाच. पण परीक्षेतला तांब्या कोणाचाही असतो.

सोलापुरात वस्तू शोधायला लांब जावे लागत नाही. पूर्व भागातल्या विणकर घरांत धोटा (मागावर आडवा धागा नेणारी नळी) आणि सुताच्या कांड्या असतात, विडी वळणाऱ्या घरांत सूप, कात्री आणि पान कापायचा पत्र्याचा साचा. यातले सूप जवळून पाहण्यासारखे आहे. कामट्यांच्या फटींत तंबाखूची पूड बसलेली असते आणि मनगट टेकते तिथली कड काळपट, गुळगुळीत झालेली असते. धान्य पाखडायच्या सुपावर या खुणा सापडत नाहीत. ज्याच्या आईने त्या सुपावर घर चालवले, त्याला रंगवायची असते ती हीच कड. ती जमली, की गोष्ट ठाऊक नसलेला प्रेक्षकही तिथे थबकतो.

सोलापुरी चादर मात्र अवघड. ती साऱ्या शहराची ओळख आहे, तिला भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे ती मागे टांगली की चित्र सोलापूरचे होते, चित्रकाराचे होतेच असे नाही. शिवाय जकार्ड मागावर विणलेली नक्षी प्रत्येक घडीत मोडते. नक्षी मोजून काढावी तर कापड सपाट दिसते, घडी साधावी तर नक्षी अर्धी झाकते. विरलेली, काठाला दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेली चादर घेतली तर ती एका घराची होते, आणि चित्रकाराने तीच निवडावी.

खासगी प्रतीक पुन्हा पुन्हा आल्याने रुजते. इटलीतल्या बोलोन्याचे जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) त्याच बाटल्या आणि भांडी वर्षानुवर्षे रंगवत राहिले. सोलापूर जिल्ह्याचे याबाबतीतले मोठे नाव मकबूल फिदा हुसेन. जन्म पंढरपूरचा, १९१५ सालचा. ते काही स्थिरचित्रकार म्हणून ओळखले जात नाहीत, पण त्यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या कंदिलाचे मूळ घरातच आहे: आजोबा पत्र्याचे दिवे घडवणारे कारागीर होते. हा कंदील आणि त्याच्या जोडीची छत्री त्यांनी चित्रांपुरती ठेवली नाही. राजस्थानात चित्रित केलेल्या, १९६७ च्या ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या लघुपटातही ही दोन्ही दिसतात. त्याला बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात सुवर्ण अस्वल हा पुरस्कार मिळाला.