टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध?

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण. ‘टीडीएस मीटरवर आकडा १००च्या आत आला की पाणी बिनधास्त प्या,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. हे खरं नाही.

मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. घरीच पाहा: आरओच्या पाण्यात चमचाभर साखर घाला, आकडा जवळपास हलत नाही. चिमूटभर मीठ टाका, लगेच शेकड्यांनी चढतो. मग सांडपाणी मिसळलेलं पाणीही कमी आकडा दाखवू शकतं. उलट, भारतीय मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे, त्यामुळे ३५०चा आकडा पाहून घाबरू नका.

अपायकारक क्षारही मीटर वेगळे दाखवत नाही. फ्लोराइडची मर्यादा लिटरला जेमतेम १ ते १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटची ४५. एवढंसं प्रमाण एकूण आकड्यात लपून जातं. यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी फ्लोराइड तपासून घ्याच.

त्यासाठी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या. जंतूंच्या चाचणीला निर्जंतुक बाटलीच लागते (घरातली धुतलेली चालत नाही). नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.